उपवासकाळात लग्न होत नाही

१७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार. सकाळ.
कपाळाला राख लावून आलो. यंदा ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ कडक पाळायचा. संगीत नाही, फुलं नाहीत, गोडधोड नाही. चर्चमध्ये ऑर्गन मी वाजवतो, म्हणून सुरुवात माझ्यापासून. या काळात ऑर्गनने फक्त गाण्याला साथ द्यायची असते. मी साथही देणार नाही. तशी बायको गेल्यापासून दिलेलीच नाही, पण ते ऑर्गनच्या भात्यामुळे. भाता गळतो.

संध्याकाळ.
लेकीने लग्नाचं काढलं. मुलगा जहाजावर इलेक्ट्रिशियन. जहाज मार्चअखेरीस सुटणार, त्याआधी लग्न करून ही त्याच्यासोबत बंदराच्या गावी राहायला जाणार. मी शांतपणे सांगितलं, उपवासकाळात लग्न होत नाही, ईस्टरनंतर बघू. ती म्हणाली, ईस्टरनंतर नवरा समुद्रात असेल, मग काय लाटेला हार घालू? मी म्हटलं, नियम मी केलेला नाही.
तिने जाऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट घर मोकळं होईल.

२० फेब्रुवारी
दारावरची बेल गाणं वाजवते. वायर काढली. आता लोक दार बडवतात. किटलीची शिट्टीही काढली. पाणी आटलं, किटली जळली. त्याग म्हटला की एवढं व्हायचंच.

२३ फेब्रुवारी
फादरांना भेटलो. उपवासकाळात लग्नाला बंदी नाही म्हणाले, फक्त साधेपणा हवा. जरा निराशा झाली. पण ‘साधेपणा’ हा शब्द कामाचा आहे. घरी येऊन जाहीर केलं: फुलं नाहीत, केक नाही, संगीत नाही. लेक म्हणाली, फुलं नकोत, केक नको, पण पप्पा, ऑर्गन तुम्हीच वाजवायचा. मी म्हटलं, नेमकं तेच चालत नाही. ती म्हणाली, मग चालेल असा दिवस मी शोधते.
शोधू दे. असा दिवस नाही.

२६ फेब्रुवारी
ऑफिसात (वजनमापे तपासणी) हेडक्लार्कचा वाढदिवस. केक नाकारला. ते म्हणाले, घ्या हो, तुमच्यापुरता तोलून देतो. सगळे हसले. मी गंभीर राहिलो. मग कुणी नसताना डब्यातला तुकडा खाल्ला. समारंभ संपला होता, त्यामुळे तो केक हिशोबात धरता येत नाही.

४ मार्च
दिवस आहे. एकोणीस मार्च, संत जोसेफ यांचा महासण. त्या दिवशी ऑर्गन, फुलं, सगळं चालतं. फादरांनी फोनवर दुजोरा दिला, तोही आनंदाने. पण मी कॅलेंडर पाहिलं. शुक्रवार आहे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मांसाशिवाय लग्नाचं जेवण मुलाकडचे कबूल करणार नाहीत. लेकीला काही बोललो नाही. जिंकल्यावर बोलू नये.

५ मार्च
महासण शुक्रवारी आला तर शुक्रवारची बंदीही उठते म्हणे. चर्चने थोडं ठाम राहायला हवं.

९ मार्च
भात्याचं सांगून टाकलं. लेक आणि मेहुणा, म्हणजे तिचा मामा, माझ्यामागोमाग चर्चमध्ये आले. तिने ऑर्गनवर बसून पायांनी भाता दाबला आणि सूर धरला. आवाज खणखणीत. मेहुणा म्हणाला, भावोजी, गळतंय कुठे? मी म्हटलं, दमट हवेत गळतो. तो म्हणाला, मग ताई गेल्यापासून हवा फारच दमट आहे. मेहुण्याला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

१४ मार्च, रविवार
फादर गुलाबी झगा घालून आले. वेदीवर फुलं. आज म्हणे मधली सूट असते. ऑर्गन वाजवता का विचारलं. मी खोकलो.
हा खोकला वाढेल असं दिसतंय. बहुधा शुक्रवारपर्यंत.

१८ मार्च
खोकला वाढला नाही. तापही नॉर्मल. थर्मामीटर बिघडला असावा. मी या खात्यातला माणूस, म्हणून शेजाऱ्यांचा आणून ताडून पाहिला. तोही बिघडलेला आहे.

१९ मार्च. रात्री थोडक्यात.
वाजवला. बाप एकाच वेळी वाजवूही शकत नाही आणि लेकीला वेदीपर्यंत नेऊही शकत नाही, हा माझा शेवटचा मुद्दा होता. लेक म्हणाली, मामा नेईल, तुम्ही वाजवा. प्रवेशाची धून महासणाला शोभेल अशी सावकाश वाजवली. मेहुणा म्हणतो, एक पाय उचलला की दुसरा कधी टाकायचा ते कळेना, वरात मध्येच गोठली. अर्ध्या वाटेवर लेकीने वर, ऑर्गनच्या माळ्याकडे वळून पाहिलं. मी आणखी सावकाश वाजवलं. फादर हाताने पुढे, पुढे करत होते. स्वर संपत आले तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून धरलं.
तरी ती पोचलीच.

२२ मार्च
सकाळी लेक आणि जावई गेले. आता नियम व्यवस्थित पाळता येईल, अडवायला कुणी नाही. घर शांत आहे. हवी होती तशीच शांतता.
दुपारी सहज फादरांकडे गेलो. गुरुवारी, पंचवीस तारखेला, पुन्हा महासण आहे, ऑर्गन चालेल, असं ते आपणहून म्हणाले. म्हणजे मी विचारल्यावर. पण त्या दिवशी सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला दोन म्हाताऱ्याच असतात, त्यातल्या एकीला ऐकू येत नाही.
मी म्हटलं, हरकत नाही, जोरात वाजवतो.