चौदाव्या किलोमीटरवर

तीर्थरूप बाबांस,
दुरूनच नमस्कार, समोर असतो तर मान वर झाली नसती.

तब्येत ठणठणीत आहे. आईला सांगा, कानटोपी घालूनच पळतो. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही दिलेला युद्धाचा इतिहास रोज पळून आल्यावर वाचतो. रविवारी चौदाव्या किलोमीटरला माझा जोडीदार, शेजारचा सुतार, गोठलेल्या दवावरून घसरला. "थांब रे," म्हणाला. मी घड्याळ पाहिलं आणि पळत राहिलो.

घरी येऊन पुस्तक उघडलं. बर्फातल्या माघारीचं पान आलं. 'एकही जखमी मागे सोडला नाही' या ओळीखाली तुमच्या पेन्सिलीची रेघ होती.

संध्याकाळी तो लंगडत आला. वाटलं, आता शिव्या घालणार. म्हणाला, "टायमिंग किती आलं तुझं?"

बाबा, आजवरचं सगळ्यात चांगलं आलं होतं.

तुमचा,
धाकटा