अंगावरची ओढणी

रत्नागिरी,
नोव्हेंबर १९५७

प्रिय द्वारका,

माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही, म्हणून हे तिसरं. रागावून लिहीत नाही ग. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि दिवसभर शाळा, संध्याकाळी मैदान, घरी आल्यावर आईला उठवणं-बसवणं, एवढं झालं की माझ्यात तो उरत नाही. आईची उजवी बाजू अजून तशीच आहे. बोलते, पण अर्धे शब्द मलाच जुळवून घ्यावे लागतात. दादा गणपतीत मुंबईहून आला होता. "कमळे, तू आहेस म्हणून बरं," म्हणाला आणि पाचव्या दिवशी गाडी धरून गेला. तू आहेस म्हणून बरं, हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी बसायला जागा शोधते.

परवा जुन्या पेटीत आपला कांदिवलीचा, ट्रेनिंगच्या वर्षाचा फोटो सापडला. सगळ्याजणी पदर खोचून उभ्या, आणि तू एकटी कपाळाला आठी घालून फोटोवाल्याकडे बघतेस, जणू त्याचा पाय रेषेवर पडलाय. तिथल्या त्या सामन्यात तू पंच होतीस आणि मला बाद दिलंस, आठवतं? मी कितीतरी वेळ भांडले. संध्याकाळी तू माझ्या सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळत होतीस आणि मी विचारलं, "मैत्रिणीला एकदा सोडलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तू चोळता चोळता म्हणालीस, "मग उद्या माझ्या शिट्टीवर तूच विश्वास ठेवणार नाहीस." मला तेव्हा ते पुस्तकी वाटलं होतं. यंदा फेब्रुवारीत तुझ्याकडून राजापूरहून पोस्टकार्ड आलं, त्यावर फक्त, 'शिट्टी भाच्याला खेळायला देऊन टाकली', तेव्हा मात्र तुझं ते वाक्य मला पुन्हा आठवलं.

जानेवारीतल्या त्या सामन्याविषयी आपण एकमेकींशी अजून धड बोललेलो नाही. तू निघून गेलीस, मी इथे राहिले. तुला मैमुना फक्त त्या दिवशीच दिसली, तेव्हा ती कोण हे आधी सांगते. राजिवड्याच्या करीमभाई होडेकरांची ती थोरली मुलगी. बाप मालाच्या बोटीवर खलाशी, वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावर. आई रहिमा, घर तिच्या जिवावर. त्या मोहल्ल्यातून हायस्कुलात येणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि खेळायला उतरणारी ही एकटीच. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मधल्या सुट्टीत. कुणीतरी तिची वही पळवली होती आणि ती त्या मुलीमागे धावत होती. धावत नव्हतीच, वळत होती. खाडीत मासा वळतो ना, तशी. मी त्याच संध्याकाळी राजिवड्यात गेले. रहिमाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, पोरगी खेळंल. पन ओढनी अंगावरून निघाची नाय. तिच्या बापाला मी तेवढाच सांगू शकते." मी कबूल केलं. बाकीच्या मुली स्कर्ट-ब्लाउजमध्ये आणि मैमुना सलवार-कमीज आणि छातीवरून आडवी घेऊन पाठीमागे गाठ मारलेली पांढरी ओढणी, अशी आमची खो-खोची टोळी त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेली.

शेवटचा डाव तुझ्याही डोळ्यांपुढे असेलच. आमच्या पळणाऱ्या, पाहुण्या शाळेच्या मारणाऱ्या. गुण बरोबरीत. आमची एकच पळणारी उरलेली, ती मैमुना. ती वेळ संपेपर्यंत टिकली तर सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळायचा, बाद झाली तर त्यांचा. पळून पळून तिच्या पाठीवरची गाठ सुटली होती आणि ओढणीचं टोक मागे उडत होतं. मला ते दिसत होतं, पण मैदानात जाऊन गाठ कशी मारणार? त्यांची ती उंच मुलगी खांबाजवळ झेपावली. मैमुना खांबाला वळसा घालून निसटली, पण त्या उंच मुलीच्या मुठीत ओढणीचं टोक आलं. तुझी शिट्टी वाजली. तू हात वर केलास आणि म्हणालीस, "बाद."

पुढे जे झालं त्याला सामना कोण म्हणेल? आमचे हेडमास्तर धोतराचा सोगा सावरत मैदानात आले. नियमाची चोपडी उघडून तुझ्या नाकासमोर धरली. "पळणाऱ्या गड्याला हाताने स्पर्श, असं लिहिलंय. ओढणीला नव्हे!" पाहुण्यांचे मास्तर म्हणाले, "मग वेणीला हात लागला तर?" हेडमास्तर म्हणाले, "वेणी उगवते हो, ओढणी उगवत नाही!" बांधावरची माणसं हसली. मीही तुझ्यासमोर येऊन म्हणाले की द्वारका, ओढणी ही वरची वस्तू, ती मुलगी नव्हे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि फक्त एवढंच बोललीस, "जे अंगावर घेऊन ती मैदानात उतरली, ते सगळं तीच." आणि पुन्हा हात वर केलास. त्यावर आमच्या बाजूने 'पंच फितली' सुरू झालं, आणि त्यांच्या बाजूने 'ओढणी काढा, ओढणी काढा' अशी टाळ्यांवर घोषणा. कुणी लाल मातीचं ढेकूळ फेकलं ते तुझ्या खांद्यावर फुटलं. तू ते झटकलंसुद्धा नाहीस. गुणपत्रकावर सही केलीस, पिशवी उचललीस आणि एस.टी.च्या स्टँडकडे चालू लागलीस. मला तुझ्यामागे यायचं होतं. पण मैमुना खांबाशी बसली होती, ओढणीत तोंड खुपसून, आणि तिला सोडून मला हलता येईना.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. 'ओढणी काढा' हे राजिवड्यात तिच्याआधी पोचलं होतं. मासळी बाजारात, नळावर, जिथे तिथे तेच. मी अर्ज लिहिला, सामने भरवणाऱ्या समितीकडे. हेडमास्तर सांगत होते पण मत माझंच होतं: ओढणी म्हणजे खेळाडू नव्हे, सबब निर्णय रद्द करावा. मला वाटलं, निर्णय फिरला तर त्या पोरीचं तोंड वर होईल. तुझ्याविरुद्ध लिहितेय हे कळत होतं, पण मुलगी माझ्या टोळीतली होती, आणि तिच्या बाजूने भांडणं हे माझं काम. तुझ्या जागी तू बरोबर, माझ्या जागी मी, असं मनाशी म्हणत मी तो अर्ज टपालात टाकला.

मग महिने गेले. मी राजिवड्यात किती वेळा गेले असेन. रहिमा सरबत पुढे करायची, शेजारपाजारचं विचारायची, पण मैमुनाला बाहेर बोलवायची नाही. आतून जात्याचा आवाज यायचा, तेवढाच. एकदा निघताना म्हणाली, "तिची खाला, म्हंजे मावशी, मोंबासाला हाय. तिच्या दीरासाटी हिला मागतात. मेट्रिकपर्यंत कोन थांबवतो, बाय? जिचा नाव मैदानात घेतला, तिला कोन थांबवतो?" मी उतारावरून परत येताना मला वाटलं, आपण सगळं सोडून द्यावं. अर्ज, टोळी, शिट्टी, सगळंच. मलाही एखादा भाचा असता तर मीही देऊन टाकली असती.

नारळीपौर्णिमेनंतर करीमभाई घरी आले. मी ऐकलं आणि घाबरत घाबरत गेले. उंच, काळासावळा माणूस, बोलताना तुमच्याकडे न बघता खाडीकडे बघणारा. मी आधीच तयारी करून गेले होते. म्हटलं, करीमभाई, चूक पंचांची आहे, मी अर्ज केलाय, ओढणी म्हणजे तुमची मुलगी नव्हे हे मी समितीला पटवून देईन. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बाय, तुमी माज्या पोरीसाटी लडता, अल्ला तुमचा भला करो. पन तुमी काय सांगता ता तुमालाच कळत नाय. ओढनी ही तिची नाय, ती वरची चीज, असा तुमी सांगता. बांधावरची लोकां काय सांगत होती? ओढनी काडा. वरची चीज आसंल तर काडूच शकतात. त्या पंच बायनी काय सांगितलान? अंगावर हाय ता सगला तीच. मग ती कोन काडील?" रहिमा दाराआड उभी होती, ती म्हणाली, "म्हंजे बाद दिलान ता बरा केलान?" करीमभाई म्हणाले, "बाद तर सगलीच व्हतात. खेळ हाय."

द्वारका, मी तिथे ओट्यावर बसून हे ऐकत होते. इतके महिने मी ज्या वाक्याशी भांडत होते, तेच वाक्य त्या घराने सन्मानाने उचलून ठेवलं होतं. मग आतून मैमुना आली. पहिल्यांदाच. अंगाने वाळली होती. म्हणाली, "बाई, मी बाद होते. टोक ओढलं गेलं तेव्हा माझ्या मानेला ताण बसला, मला कळलं. पंच बाईंनी मला बाद दिलं ते बाकीच्यांना देतात तसंच. त्या माझ्या ओढणीकडे बघत नव्हत्या, हाताकडे बघत होत्या. बाकी सगळे ओढणीकडेच बघत होते." एवढं बोलून ती आत गेली. आणि मी तरी कुठे बघत होते, हे मी तिला विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती शाळेत येऊ लागली आहे. मोंबासाच्या खालेला करीमभाईंनी कळवलं की मॅट्रिक होऊ दे. संध्याकाळी खेळायला येते. गाठ आता बाजूला कमरेवर मारते, बाप जायच्या आधी दोनचार तऱ्हा शिकवून गेला. तरीही सुटते कधीकधी, आणि सुटली की मुली टोक पकडतात आणि ती स्वतःच हात वर करून बाहेर येते. पूर्वीसारखी वळत नाही अजून. मधेच थांबते, बांधाकडे बघते, तिथे कुणी नसलं तरी. ते जायला वेळ लागेल. जाईल की नाही हेही मला ठाऊक नाही.

आता का लिहितेय ते सांगते. माझा अर्ज समितीने इतक्या दिवसांनी काढला आहे. पुढच्या रविवारी इथेच बैठक आहे. चिटणीसांनी त्यावर तोड सुचवली आहे: भांडणच नको, यापुढे कोणत्याही खेळाडूने अंगावर लोंबतं वस्त्र घेऊन मैदानात उतरू नये, असा नियमच करावा. आमचे हेडमास्तर खूश आहेत. "सोपं झालं," म्हणतात. कुणाला सोपं, ते विचारलं तर म्हणतात, "कमळाबाई, तुमच्याच अर्जातून निघालंय हे." खरंच आहे ते. मी काल अर्ज मागे घेतला, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पण अर्ज मागे घेतला तरी नियमाची सूचना उभीच आहे, आणि ती मंजूर झाली तर मैमुना पुन्हा मैदानात दिसणार नाही. तिच्यामागून राजिवड्यातल्या ज्या आणखी दोघी यायला बघताहेत, त्याही नाहीत. मी बोलेन, पण माझं कोण ऐकणार? मी तर आधी उलटं लिहून बसलेली. सामन्याचा पंच म्हणून समितीने तुला बोलावणं धाडलंय आणि तू त्यांनाही उत्तर दिलेलं नाहीस, असं चिटणीस सांगत होते. ज्या मातीत तुझ्यावर ढेकूळ पडलं तिथे परत ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी म्हणते, ये. निर्णय तुझा होता, तो का दिलास हे तुझ्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. सामना आम्ही हरलो, तो हरलेलाच राहू दे. राजापूरहून सकाळची गाडी पाली-हातखंब्यावरून दुपारपर्यंत इथे येते. मी स्टँडवर असेन. उतरायला माझंच घर, आई तुला ओळखेल असं मला वाटतं. काल खेळ संपल्यावर मैमुना खांबाशी थांबली आणि तिने मला विचारलं, "बाई, त्या येतील ना?" मी हो म्हणून बसले आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझीच,
कमळा