दोन बोटं उंच पायरी

३ फेब्रुवारी

प्रिय शहाण्या,

अनेक आशीर्वाद. इथे सगळे ठीक, तिथे तुम्हीही सगळे ठीक असालच. रीतीचं लिहून झालं.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन करत नाही, कारण मागच्या वेळी फोन आधी कोणी आपटला हे भांडण अजून मिटलेलं नाही. (तू आपटलास.) घर दोघांच्या नावावर आहे. त्यात तोडफोड केली तर तुला कळवायला हवं, म्हणून लिहिते आहे. बाकी काही नाही.

जिन्याचं लँडिंग नवं करून घेतलं. हो, तेच. तपकिरी फरशी, तिच्यावर पिवळे गोल आणि गोलांना पांढरी कड. उकडलेल्या अंड्यांचे काप. आपण शाळेत असताना बाबांनी हौसेने बसवून घेतली होती. आता निम्मी अंडी तडकली होती आणि येणारा-जाणारा विचारायचा, "हे बदलत का नाही?" तुझे भाऊजी तर रोज विचारायचे. जणू फरशी माझ्या माहेरची म्हणून बदलायचीही मीच.

दुकानातल्या मुलाने तीन फरश्या मांडल्या. "मॅडम, ही ढगाळ सकाळ, ही ओला दगड आणि ही शांत राख." तिन्ही करड्या.

"फरक काय?"

"फील वेगळा आहे."

भाऊजींनी तिन्हींवरून तळहात फिरवला आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "हो, आहे." दीड तासाने आम्ही शांत राख घरी आणली. नाव ऐकून मला तर कोणाचे दिवस करून आल्यासारखं वाटलं.

मिस्त्री मात्र कामाचा निघाला. त्याने जुनी फरशी फोडली तर खाली आणखी एक फरशी! बाबांनी तेव्हा खालची न काढता तिच्याच डोक्यावर अंडी बसवली होती. म्हणून लँडिंगच्या आधीची पायरी दोन बोटं उंच आणि नंतरची दोन बोटं बुटकी होती. आठवतं? जिन्यावर कोणी ठेचकाळलं की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "पाहुणे आले वाटतं." घरचं माणूस तिथे कधी ठेचकाळलं नाही.

मिस्त्रीने पाणसळ लावली, ती बुडबुड्याची पट्टी, आणि कपाळाला हात लावला. "बाई, एवढा फरक? इतक्या वर्षांत इथे कोणी पडलं कसं नाही?"

मी म्हटलं, "दोन्ही थर काढा. सगळ्या पायऱ्या एकसारख्या करा." सहा वर्षांपूर्वी तू त्याच लँडिंगवर उभा राहून काय बोलला होतास, ते मी विसरले नाही. म्हटलं, आता बोल.

चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. साखरेच्या डब्यातसुद्धा सिमेंट आहे. चहाला ताकद आली आहे.

बाबा ठीक आहेत.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय शहाण्या,

आशीर्वाद. तुझं दोन ओळींचं पत्र पोचलं. त्यातली एक ओळ पत्त्याची. दुसरीत विचारलंस, "बाबा जिना चढतात का?" फरशीबद्दल एक अक्षर नाही. मी अकरा दिवस धूळ खाल्ली, ती काय हौसेने?

तरी ऐक. पहिले पंधरा दिवस या घरात भलतंच चाललं होतं. पाहुणे तुरुतुरु वर येत होते आणि घरचे धडपडत होते. लँडिंगवर पाऊल ठेवायचं तर पाय आपोआप दोन बोटं जास्त वर जायचा आणि मग हवेतून धप्पकन खाली यायचा. तिथून पुढच्या पायरीला उलटं. तिथे पाय कमी उचलला जायचा आणि अंगठा आपटायचा. भाऊजींनी धुतलेल्या कपड्यांची अख्खी बादली खाली सोडली. समोरची शेजारीण, जी वीस वर्षं आपल्या जिन्याला शिव्या घालत वर आली, ती परवा सरसर चढली आणि मागे वळून मला म्हणते कशी, "जपून हं!" मला. माझ्या घरात.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने पाणसळ लावून बुडबुडा दाखवला. "बघा, मधोमध. चूक जिन्याची नाही बाई, तुमच्या पायांची आहे." आता आमच्या पायांनी नवं शिकून घेतलं आहे. शांत राखेवर मात्र प्रत्येक पाऊल उमटतं, दिवसातून तीनदा पुसते. जुन्या तपकिरीने आपला किती मळ पोटात घातला होता, ते आता कळतंय.

बाबा सध्या खालच्या खोलीत असतात. त्यांना तिथे बरं पडतं. रेडिओ आणि खुर्ची खाली आणली आहे. त्या खोलीला वरच्यासारखी खिडकी नाही, पण तसंही त्यांना आता नीट दिसतं कुठे? मनगटाला जरा लागलंय, पट्टा आहे. जेवण व्यवस्थित.

तू विचारलंस त्याचं उत्तर, सध्या नाही.

तुझी,
ताई


४ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझे तीन फोन आले. मी घेतले नाहीत. समोर फोन असला की मी भांडते, कागद असला की निदान वाक्य पूर्ण करते.

बाबा पडले. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. "बाबा ठीक आहेत" ही थाप होती आणि घर दोघांच्या नावावर आहे म्हणून लिहिते, ही त्याहून मोठी थाप.

दुपारचे चार. काम चालू होतं तोवर ते खालीच होते, त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या खोलीत निघाले. एका हातात रेडिओ, दुसऱ्यात चहा. लँडिंगवर जरा डगमगले, सावरले आणि पुढच्या पायरीला अडकले. बुटकी पायरी आता बाकीच्यांएवढी झाली होती. मनगट मोडलं. रेडिओला काही झालं नाही, तो तसाच बातम्या सांगत होता.

हाड जुळतंय. सांगायचं आहे ते पुढे.

नवी फरशी बसली हे त्यांना माहीत होतं, पायरीची उंची बदलली हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कोणी म्हणजे मी. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, कसे पडलात?" तर म्हणाले, "पायरी विसरलो. स्वतःच्या घरातली." मी शेजारी उभी होते. गप्प राहिले.

तेव्हापासून ते स्वतःची परीक्षा घेत बसतात. एकोणतीसचा पाढा म्हणतात. शिकवत होते तेव्हाच्या वर्गातल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणतात आणि एखादं अडलं की चेहरा उतरतो. मागच्या आठवड्यात त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडे असू दे. बाहेर गेलो तर परत येणं आठवेल, न आठवेल."

मी ती किल्ली घेतली. हे लिहायला मला चार कागद लागले.

का गप्प राहिले, तर तुझ्यामुळे. सहा वर्षांपूर्वी तू म्हणालास, "हा जिना एक दिवस बाबांना पाडेल, त्यांना माझ्याकडे पाठव." मी म्हणाले, "मी आहे इथे. तू या जिन्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस." आणि जिन्याने त्यांना पाडलंच नाही रे. तुला दाखवून द्यायचं म्हणून मी तो सरळ केला, त्याने पाडलं.

आज सकाळी सांगितलं त्यांना. सगळं, दोन्ही थरांसकट. त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही बाबा."

"पायाला बरोबर आठवत होतं?"

"बरोबर."

"किल्ली आण माझी."

किल्ली खिशात टाकली आणि मग सुरू झाले. "महिनाभर मला पाढे म्हणायला लावलेस, गाढवे! तेही एकोणतीसचे!" इतका ओरडा मी लहानपणीसुद्धा खाल्ला नव्हता. भाऊजी तेवढ्या वेळात बाहेर जाऊन भाजी घेऊन आले. भाजी घरात होती.

आता बाबांचं म्हणणं, पायरी होती तशी कर, मी वर जाणार. दुपारीच मिस्त्रीला बोलावलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, लोक मला वाकडं सरळ करायला बोलावतात. सरळ केलेलं वाकडं करायला सांगणाऱ्या तुम्हीच." फोडायला नको, शांत राखेच्या डोक्यावरच दुसरा थर बसेल म्हणाला. म्हणजे बाबांनी केलं होतं तेच. मग विचारलं, "किती उंच?"

"दोन बोटं."

"कोणाची बोटं? माझी की तुमची?"

त्याची दोन म्हणजे माझी तीन. जुना राडारोडा कधीच गेला. आमचे पाय नव्या पायरीने बिघडवले. बाबांच्या पायांवर प्रयोग करायची माझी छाती नाही. तेच म्हणाले, "धाकट्याला बोलव. त्याचे पाय अजून जुन्या मापाचे आहेत. डोळे मिटून चढू दे, पाऊल कुठवर उचलतो बघा आणि भिंतीवर खूण करा." रविवारी मिस्त्री येणार आहे.

इथेच पत्र संपवायचं ठरलं होतं. पण संध्याकाळी मिस्त्रीने लँडिंगच्या भिंतीलगतची फरशीची पट्टी सैल करून पाहिली, तर मागे जुन्या थराची रेघ जशीच्या तशी. त्याने टेप लावली आणि आकडा पेन्सिलने भिंतीवर लिहून ठेवला. बाबा म्हणाले, "हे त्याला लिहू नकोस." पण महिनाभर लपवून माझं पोट भरलं आहे.

माप मिळालंय. तरी ये.

पुन्हा पाय ठेवू नकोस म्हणालेली,
तुझीच ताई