सहावा खिळा

सोमवार, ३ मार्च

नवी गाडी आली — दोन दारांची, बुटकी, पिवळीधमक. मालक दातांचे डॉक्टर. इंजिनाला हवा कमी पडते म्हणतात. मूळ हवेचा डबा काढून रुंद अ‍ॅल्युमिनियमचा पाईप आणि उघडा फिल्टर बसवायचा, म्हणजे गाडी डरकाळी फोडेल!

ते गेल्यावर भाऊजी म्हणाले, "दात उपटणारा माणूस, आता गाडीला सुळे हवेत." सगळे फिदीफिदी हसले. गिऱ्हाइकावर गॅरेजात विनोद चालणार नाहीत, असं मी सगळ्यांदेखत सुनावलं. एकसष्ट वर्षांचा माणूस खाली मान घालून उभा राहिला. बरं वाटलं.

मंगळवार, ४ मार्च

भाऊजींचं म्हणणं — उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला तर गरम हवाच ओढणार. आवाज वाढेल, दम घटेल. मध्ये पत्र्याचा आडोसा हवा.

बरोबर आहे. मीही काल तेच काढलं होतं, दोन पानं गणित करून. आख्ख्या इंजिनीअरिंगच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. आणि हा सातवी नापास माणूस नुसता हात फिरवून सांगतो! आडोशाचं चित्र काढून लेकीच्या हातात दिलं, म्हटलं, "माझी कल्पना." भाऊजी ऐकत होते. बोलले काहीच नाहीत. त्या न बोलण्याचाच संताप येतो.

हे गेल्यापासून अकरा वर्षं गॅरेज मी चालवते आहे. आता लेकीला खुर्चीत बसवायचं. पण तिचा हा काका इथे आहे तोवर माणसं त्याच्याच तोंडाकडे बघणार. भाऊजींना घालवायलाच हवं. उगाच नाही — कारण मिळालं पाहिजे.

बुधवार, ५ मार्च

नियम पुन्हा वाचून दाखवला. फळीवर सहा खिळे, सहा लाल फडकी. इंजिनाचं कुठलंही तोंड उघडं राहिलं की त्यात फडकं कोंबायचं, आत नट-बोल्ट पडू नये म्हणून. तोंड बंद करताना फडकं परत खिळ्यावर. जो विसरेल तो कायमचा घरी. दिवे मालवण्याआधी मी स्वतः मोजते. अकरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

वाचताना भाऊजींच्या हातांकडे बघत होते. कंप वाढला आहे. त्यांनी हात खिशात घातले.

गुरुवार, ६ मार्च

पाईप बसला. काम भाऊजींचं, हाताखाली लेक. गाडी जागेवरच चालू करून पाहिली, छान चालली. बॉनेट बंद.

सगळे गेल्यावर फडकी मोजली. पाच. परत मोजली. पाच!

सावकाश चालवली तर काही कळायचं नाही. पूर्ण जोर लावला की फडकं आत ओढलं जाईल, इंजिन गुदमरेल, गाडी आचके देत थांबेल. डॉक्टरांसमोर. याहून जास्त काही होणार नाही.

पाईप सोडवायला पाच मिनिटं लागली असती. दिवे मालवले. घरी येऊन चवीने जेवले.

शुक्रवार, ७ मार्च

गुदमरली नाही. फडकं हवेच्या झडपेत अडकलं आणि झडप उघडीच राहिली. डॉक्टरांनी पाय उचलला तरी गाडी पळतच सुटली. ब्रेक दाबेपर्यंत वळण आलं. दगडी कठडा.

डॉक्टरांचं मनगट मोडलं. उजवं. भाऊजी शेजारी बसले होते, त्यांच्या कपाळाला टाके.

हे माझ्या गणितात नव्हतं.

गाडी ओढून आणली. सगळ्यांसमोर पाईप सोडवला. झडपेत लाल चिंधी. "कोणाचं काम?" मी विचारलं.

"माझं, वहिनी."

इतक्या पटकन म्हणाले की विचारण्यातली मजाच गेली.

शनिवार, ८ मार्च

घालवलं. "हात कापतात तर घरी बसून पेपर वाचा," म्हटलं. आपली पान्यांची पेटी उचलायला गेले — यांनी त्यांना दिलेली. ती गॅरेजची आहे म्हणून ठेवून घेतली. कपाळावर पट्टी, हातात रिकामा डबा. दारात थांबून लेकीला म्हणाले, "काम सोडू नकोस हं."

लेक हमसाहमशी रडायला लागली. तिला सांगितलं, खुर्चीत बसायचं तर डोळे कोरडे ठेवायला शीक.

सोमवार, १० मार्च

लेक खुर्चीत बसली. दिवसभरात चकार शब्द नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज बोलली. उभ्यानेच.

"पाईप मी बसवला होता. काका तेव्हा आडोशाचा पत्रा कापत होते. फडकं माझ्याकडून राहिलं. काकांनी दटावलं — तू गप्प बस, माझं नाहीतरी वय झालंच आहे."

मी म्हटलं, "झालं ते झालं. तुझ्या-माझ्यात राहील."

"विसरला तो कायमचा घरी. नियम तुझाच ना?"

"तू माझी मुलगी आहेस."

"ते तुझे दीर होते."

मग ती फळीकडे वळली. "आई, तू मोजल्याशिवाय दिवे मालवत नाहीस. गुरुवारी किती होती?"

"आठवत नाही," म्हटलं.

माझ्याकडे तिने असं पाहिलं, जसं मी भाऊजींच्या हातांकडे पाहायची.

बुधवार, १२ मार्च

लेक आली नाही. पान्यांची पेटी जागेवर नाही. सहाव्या खिळ्यावर तिच्याकडच्या गॅरेजच्या किल्ल्या.

संध्याकाळी फळीसमोर उभी राहिले. मोजली नाहीत.