समुद्राकडची खोली

प्रिय सिद्धेश,

बाबलीचा दीपेश सुट्टी संपवून गुरुवारी मस्कतला परत येतोय, त्याच्याबरोबर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि हे पत्र पाठवते. फोनवर लिहिलं असतं तर तू कामाच्या गडबडीत अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झाला असतास. कागदाला तसं करता येत नाही.

इकडे तारकर्लीत सगळं ठीक. पर्यटक गेले, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या, आपल्या दोन्ही खोल्यांच्या गाद्या उन्हात वाळवून मी गुंडाळून ठेवल्या. आता गणपतीपर्यंत फोन गप्प. मोसमात तो एवढा वाजतो की मासे साफ करतानासुद्धा मी त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विळीजवळ ठेवते. तूच शिकवलंस ना, की दोन मिनिटांत उत्तर गेलं नाही तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. तुझे बाबा गेल्यावर न्याहारी-निवासाची पाटी लावलीस, फोन माझ्या हातात दिलास आणि गेलास. एसी आहे का, शाकाहारी मिळेल का, तळेऱ्याहून किती वेळ लागेल, सगळ्याला मी उत्तर देते. तुझा फोन रविवारी येतो. "आये, बुकिंग किती झाली? सगळ्यांका रिप्लाय दिलंस मा?" दिले रे. एकालाही ताटकळत ठेवलं नाही.

आता मे महिन्यातलं सांगते. तेव्हा तुला खरं कारण सांगितलं नव्हतं. एकच खोली रिकामी असताना मी दोन कुटुंबं घेतली, पुण्याचं आणि बेळगावचं. अंगणात दोन गाड्या, रडणारी पोरं, तापलेले बाप्ये. मी माझी माजघरातली खोली दिली आणि पडवीत निजले, तरी त्यातल्या एकाने नेटवर लिहिलंच, की वयस्कर बाईंना जमत नाही. ते वाचून तू म्हणालास, "आये, आता तुका झेपत नाय." पण ते झेपण्याचं नव्हतं, सिद्धेश.

मिरजेचे आवटी सर तुला आठवायचे नाहीत. पहिल्याच मोसमात नवरा-बायको चार दिवस राहून गेले. समुद्राकडची खोली. ती बाई सकाळ-संध्याकाळ पायरीवर बसून असायची. पुढच्या वर्षी सरांचा मेसेज आला, "समुद्राकडची खोली रिकामी आहे का?" मी आहे म्हणून कळवलं. ते आले नाहीत. पुढच्या सोमवारी सकाळी दहाला पुन्हा तेच. मला आधी राग आला. मग एकदा त्यांनी लिहिलं, "आज समुद्र कसा आहे?" मी लिहिलं, खवळलाय, होड्या वर काढल्यात. ते म्हणाले, आमच्याकडे कडक ऊन. संपलं. बायको गेल्याचं त्यांनी किती महिन्यांनी एका ओळीत लिहिलं.

दोन वर्षं दर सोमवारी हे चाललं. तू भलतंसलतं समजू नको, आम्ही खोली आणि समुद्र यापलीकडे गेलो नाही. गिऱ्हाईक म्हणूनच मी उत्तर देत होते. पण सोमवारी दहाच्या आधी माझं सगळं आवरून झालेलं असायचं, हेही खरं. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवता का वेळेवर?" दोन मिनिटांत उत्तर द्यायला मला जमलं नाही. दुपारी लिहिलं, होय.

त्या मेच्या सोमवारी दहालाच फोन वाजला. त्यांचाच नंबर, पण लिहिणारी त्यांची मुलगी अनुजा. बाबा गुरुवारी गेले. त्यांच्या फोनमध्ये दर सोमवारी तुमचं नाव दिसलं, म्हणून कळवते. त्यांनी खोली ठरवली असेल तर कृपया रद्द करा.

मी लिहिलं, बुकिंग नव्हतं.

कुणाला सांगणार? शेजारच्या राधाबाईला सांगायचं तर म्हणणार, "कोण गो तुझो?" तेवढ्यात पुणेवाल्यांचा मेसेज आला, पाठोपाठ बेळगावच्यांचा, त्याच तारखांना खोली आहे का म्हणून. बुकिंगची वही न बघता मी दोघांनाही लिहिलं, खोली रिकामी आहे. एवढंच झालं.

आता भिंतीवर मोठं कॅलेंडर लावलंय. आधी तारखेवर नाव लिहायचं, मगच उत्तर. पुन्हा चूक होणार नाही. आणि हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेला रविवार. बुकिंगचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर तू तिकडे तुझ्या फोनवर घेणार होतास, मला आराम मिळावा म्हणून. त्यासाठी सहा आकडी कोड माझ्या फोनवर येणार होता. तू तीनदा विचारलंस, "इलो काय गो?" मी तीनदा नाही म्हटलं. तू रेंजला शिव्या घालून फोन ठेवलास. कोड आला होता, बाळा. तिन्ही वेळा आला होता. नंबर माझ्याकडेच राहू दे. या घरात मला हाक मारणारं तेवढंच एक उरलंय. रागावशील, ठाऊक आहे. रागव. पण मेसेज करू नको, फोन करून रागव, आणि रविवारची वाट बघू नको.

तुझीच,
आई