खुर्चीमागची जागा

अल्जीर्स, जुलै १९४०

प्रिय ओदील ताई,

मी सुखरूप आहे, जेवणही बरं मिळतं. भावोजी घरी पोहोचले का?

जर्मन जवळ आले, तसा आम्हा वैमानिकांना लढाऊ विमानं घेऊन समुद्रापार जायचा हुकूम आला. मेकॅनिक मागेच राहिले, माझ्या विमानाचे मेकॅनिक असलेले भावोजीही. माझ्या द्वातीन विमानात शेवटचं पेट्रोल भावोजींनीच भरलं. म्हणाले, "एकाच माणसाचं विमान हे. निघ आता, नाहीतर तुझी बहीण मलाच बोलेल!"

इथे उतरून पाहतो, तर आमच्या तुकडीतल्या वैमानिक रेमीने त्याच्या द्वातीनच्या खुर्चीमागचा रेडिओ काढून तिथे आपल्या मेकॅनिकला बसवून आणलेलं.

ताई, मलाही हे सुचलं होतं. वजनाने समुद्रात पडू, या भीतीने मी गप्प बसलो.

भावोजी आले असतील, तर त्यांना हे मीच सांगेन. आले नसतील, तर रागावून का होईना, मला लिही.

तुझा भाऊ,
फिर्मँ