माइकवर पुकारलेला आहेर

आत्याबाई,

तुमच्याशी मी सरळ कधी बोललेच नाही. तुम्ही होतात तेव्हा एक तर तोंड वर करून बोलायचे, नाहीतर आठ-आठ दिवस मुकी राहायचे. आपल्या गल्लीतल्या सगळ्या सुना सासूला आत्याबाई म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायला लागले, पण त्यात माया कमी आणि धाक जास्त होता, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. माझेच केस पांढरे झालेत, गुडघे बोलायला लागलेत, आणि आता कुठं तुमच्यापुढं बसून चार शब्द नीट बोलावेत असं वाटतंय. उशीर करायची सवय मला पहिल्यापासूनच आहे.

त्या दुष्काळाच्या वर्षाचंच बोलायचं आहे. दुसरं काय बोलणार. तुमचा लेक दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचा आणि केजच्या पलीकडच्या आपल्या त्या गावात आपण दोघी आणि एक जर्शी गाय, एवढंच घर उरायचं. दूध सोसायटीला घालायचं, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार यायचा, त्यावर तेल-मीठ चालायचं. पैसा तुमच्या कनवटीला. त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, त्यामुळं घरचा कडबा नव्हता. तुम्ही पावसाळ्यापासून एकेक नोट बाजूला काढत गेलात आणि दोन हजार जमवलेत. पाऊस येईपर्यंत गाय जगेल एवढा कडबा त्यात यायचा होता, पण माघातच घेतला तर. पुढं भाव डोक्यावर जाणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. तुमचा एक डोळा खुरपताना धसकट लागून आधीच गेलेला आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू धरलेला, म्हणून तुम्ही पहिल्यांदाच पैसे माझ्या हातात दिलेत. गेवराईकडं माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. लग्न करून येताना केजच्या बाजारात उतरायचं, कडबा ठरवायचा, पैसे देऊन यायचे. मला तेव्हा चौथा महिना होता.

आहेराचं तुम्ही अगोदरच बांधून दिलं होतं. नवरीला एक साडी, चुलत्याला टॉवेल-टोपी. "आपल्या ऐपतीचा आहेर हाय. मान वर करून द्यायचा," असं म्हणालात. मी मान वर करूनच गेले, खोटं कशाला सांगू. पण आपल्याकडं आहेर नुसता देत नाहीत, तो माइकवर पुकारतात. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि तो माइकवाला सुरू झाला. माझ्या थोरल्या चुलत बहिणीचा नवरा सूतगिरणीत नोकरीला होता. तिचं नाव आलं. पितळी हंडा, पाच भांडी, मुलीला साडी, मुलाला कपडे. बायका माना वळवून तिच्याकडं बघायला लागल्या. ती पदर सारखा करत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुझं अजून पुकारलं न्हाई का गं? का राहिलंच?" एवढंच म्हणाली. वाईट काही बोलली नाही. आत्याबाई, मी किती वेळा ते आठवून बघितलंय, तिच्या बोलण्यात खोट सापडत नाही. पण माझ्या अंगाची लाही झाली. मी उठले, पोलक्यातली पुरचुंडी काढली आणि आहेर लिहून घेणाऱ्या वहीवाल्यासमोर सगळ्या नोटा ठेवल्या. वर एक रुपया हवा म्हणून जीपच्या भाड्यातला काढला. दोन हजार एक. त्यानं तुमच्या लेकाचं नाव, आपल्या गावाचं नाव आणि तो आकडा दोनदा पुकारला. सगळ्या मांडवानं ऐकलं. चुलती जेवणाच्या पानावरून उठून आली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

केजला जीप थांबली तेव्हा मी उतरलेच नाही. कडब्याच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, मी दुसरीकडं तोंड करून बसले. घरी येऊन तुम्हाला म्हणाले, भाव लई सांगतात, पुढच्या बाजारी बघू. तुम्ही बरं म्हणालात. दिलेला आहेर परत मागता येत नाही आणि दुधाचा पगार दाळ-तेलातच संपायचा, त्यामुळं पुढचा बाजारही तसाच गेला. मग गेवराईकडची कुणी पाहुणी गावात आली आणि पाणवठ्यावर तुमच्याजवळ माझं कौतुक करून गेली, सून लई मोठ्या मनाची म्हणून. तुम्ही घरी आलात, गाईखाली चरवी घेऊन बसलात. मी दारात उभी होते. मला वाटलं आता शिव्या येतील, केस धरतील, माहेर काढतील. तुम्ही धार काढत राहिलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "दोन हजार दिलेस म्हणं. दिलेस ते दिलेस. माहेरात तुझा मान झाला. आता गाईला काय सांगायचं ते तूच सांग." बस. पुन्हा तो विषय तुम्ही माझ्यापाशी काढला नाहीत. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

चैत्रात कडबा दुप्पट झाला. गाईची हाडं दिसायला लागली, सोसायटीत आपलं दूध निम्म्यावर आलं. गाय विकावी तर खाटकाशिवाय गिऱ्हाईक नाही, आणि ती गेली की चूलच बंद. तेवढ्यात पलीकडच्या गावाच्या माळावर एका सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. फुकट चारा मिळायचा, पण जनावराजवळ घरचं माणूस पाहिजे, आणि मोजणीला जनावर जागेवर नसलं की नाव कटायचं. कारखाना लवकर बंद पडल्यामुळं तुमचा लेक तिकडूनच पुण्याकडं रस्त्याच्या कामावर गेलेला. मी म्हणाले मी बसते छावणीत. तुम्ही म्हणालात, "पोटुशी बाई धुळीत बसती का? मी हाय की." अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्याच पंधरवड्यात होती. ती दोघींनाही पाठ होती. मी एकदा, फक्त एकदा म्हणाले, आत्याबाई, तारीख. तुम्ही म्हणालात, "पाऊस पडला की जाऊ. डोळा कुठं पळून चाललाय." मला हट्ट धरता आला असता. शेजारणीच्या हातापाया पडून तिला चार दिवस गाय सांभाळायला लावता आलं असतं. पण मग ती विचारणार, कडबा का घेतला नाही, आणि मला ते सांगावं लागलं असतं.

अडीच महिने तुम्ही त्या माळावर बसलात. वर शेडनेटची फाटकी जाळी, खाली शेण आणि फुफाटा. मी रोज भाकरी घेऊन यायचे, तुम्ही पदरानं डोळा पुसत असायच्या. तुमच्या लेकानं छावणीच्या गावातल्या दुकानावर फोन करून विचारलं, कडबा का घेतला नाही, तर तुम्ही त्याला सांगितलंत, "पैसे माझ्या औषधाला गेले." माझ्यासमोर सांगितलंत. मी शेजारी उभी राहून ऐकलं. जेठात तुमचा डोळा लाल झाला, डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या. आठवा महिना घेऊन मी तुम्हाला अंबाजोगाईला नेलं, तोवर तुम्हाला माझा हात दिसत नव्हता.

नंतरची चार-पाच वर्षं तुम्ही ओट्यावर बसून मला माणसात आणलंत. बाजाराला निघाले की दारात अडवायच्या. "काय काय आणणार? तोंडानं सांग." मी सांगायचे, दाळ, तेल, पोरीला झबलं. तेवढेच पैसे मोजून द्यायच्या, नोटा बोटांनी चाचपून. "जे बोलली न्हाईस ते घ्यायचं न्हाई." मला राग यायचा. माझा हात कुठं सुधारला होता लगेच. एकदा दाळीच्या पैशातून मी निळी चाळण घेऊन आले, लई सुंदर दिसली म्हणून. तुम्ही ती हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "चांगली हाय. आता हिच्यातून काय चाळायचं ते सांग." मला हसू आलं, तुम्हालाही आलं. आणि पुढं प्रत्येक लग्नात, माइकवर आहेर सुरू झाला की तुम्ही माझं मनगट घट्ट धरून बसायच्या. आपली साडी-टॉवेल-टोपी पुकारून होईपर्यंत सोडायच्या नाहीत. लोकांना वाटायचं आंधळी सासू सुनेच्या आधारानं बसली आहे.

आता मी गावातल्या बायकांच्या दूध सोसायटीच्या कमिटीवर आहे. बायका मला विचारतात, "एवढ्याशा मिळकतीत तुम्ही पोरं शिकवली, घर बांधलं, हे जमवलं कसं?" मी तुमचं सांगते, तोंडानं बोलून बाजाराला जायचं. टाळ्या वाजवतात. परवा माझ्या सुनेनं भावाच्या लग्नासाठी मोबाइलवरून हप्त्यानं सोन्याचं कानातलं मागवलं, घरात कुणाला न विचारता. तिला समोर बसवलं, आवाज चढवला. ती खाली मान घालून म्हणाली, "आई, तिथं सगळे विचारणार होते, काय आणलं." मग मी तिला सगळं सांगितलं. माइक, कडबा, छावणी, तुमचा डोळा. ती रडली. कानातलं परत पाठवते म्हणाली. पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही, तुमच्या लेकालाही नाही, कमिटीत तर नाहीच.

अंबाजोगाईला डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं होतं. तुम्ही आत बाकावर बसला होतात. दोघी दवाखान्याबाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणले?" मी म्हणाले, वय झालंय, लवकर आणलं असतं तरी काही झालं नसतं, असं म्हणाले. तुम्ही केवढा मोठा श्वास सोडलात. माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "मग झालं तर. तू आता जीवाला लावून घेऊ नकोस." बस येईपर्यंत तुम्ही मलाच समजावत होतात.

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, आत्याबाई. ते म्हणाले होते, तारखेला आणलं असतं तर डोळा वाचला असता.